एकाच तोंडाची मेंढरं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माणसं न ओळखण्याच्या कलेत आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा आख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरा कोणी नाही. बायकोचे हे सख्खे मामा. त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी मी पंचवीस वर्षं जातोय आणि पंचवीस वर्षं दार उघडून ते विचारतात, "काय पाव्हणं, कुणाकडं आलात?" माझ्या हातात मुक्कामाची बॅग असली तरी! मेंढरं मात्र एकूण एक ओळखतात. कन्नडकडं बापाचा कळप राखण्यात लहानपण गेलं. पुढं शहरात नोकरी करून निवृत्त झाले, पण नजर कळपातच राहिली. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांना सख्खी मेहुणी सापडत नाही, पाचोडच्या बाजारात शंभर मेंढरांपुढं उभं राहून मात्र सांगतात, "ती कानाला चीर असलेली, गेल्या साली बी आलती." त्या मेंढीनं मान वळवून दुजोरा दिल्याचं मी स्वतः पाहिलंय.

गेल्या वर्षी त्यांची पाठ धरली. रक्ताच्या रिपोर्टात प्रोटीन बरंच वाढलेलं निघालं. मामांनी काय करावं? पेढे वाटले! "जिमची पोरं डबेच्या डबे पावडर खात्यात. आपलं बघा, नुसत्या भाकरीवर!" आणि पाठ? "ताकद उतरतीया तिथं. जड जाणारच." या थोर संशोधनावर त्यांनी दोन महिने काढले. शेवटी मामींनी जेवण सोडलं, तेव्हा कुठं मला घेऊन मोठ्या डॉक्टरबाईंकडे निघाले.

बाईंनी रक्तातल्या प्रथिनांचा आलेख पुढ्यात ठेवला. चारचौघांच्या आलेखात जिथं पसरट टेकाड असतं, तिथं सुईसारखा सुळका उभा होता.

"हाडांच्या मज्जेत काही पेशी असतात, मामा," बाई म्हणाल्या. "त्या रोगाशी लढणारी प्रथिनं बनवतात, तऱ्हेतऱ्हेची. तुमची एक पेशी बिघडली आणि स्वतःच्याच नकला काढत सुटली. त्या सगळ्या मिळून एकच प्रथिन बनवतात, तेही बिनकामाचं. वर हाडं पोखरतात, किडनीला त्रास देतात. हा कॅन्सर आहे. मायलोमा म्हणतात."

मामा सुळक्याकडं बघतच राहिले.

"म्हंजे आख्खा कळप एकाच तोंडाचा?"

"अगदी."

"मग बाकीची कुठं गेली?"

बाईंनी सुळक्यावर बोट ठेवलं. "त्यांना जागाच उरली नाही."

"लांडगा आला तर मग?" पेढेवाले मामा हळूच म्हणाले. "करा सुरू इलाज."

दर आठवड्याला पोटाला सुई. न्यायला मीच जायचो, आणि दर आठवड्याला दारात स्वागत ठरलेलं, "काय पाव्हणं, कुणाकडं आलात?"

सहा महिन्यांनी नवा आलेख हातात पडला. मामांनी तो जिन्यातच उघडला. सुळका खचला होता. हा रोग पुरता जात नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण शेजारी जरासं टेकाड दिसत होतं. "बाकीची परतायला लागलीत," मामा म्हणाले, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

तपासणीच्या खोलीच्या दारात नव्या नर्सनं अडवलं. "आत फक्त घरचं माणूस. हे कोण तुमचे?"

पंचवीस वर्षांचा अनुभव! मी मुकाट्यानं मागं सरकलो. मामांनी मनगट सोडलं नाही, वळूनही पाहिलं नाही. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"डावा कान मोठा, चालताना उजवीकडं झुकतंय, हाक मारली की येतंय. आपलंच हाय ते, येऊ द्या आत!"