ब्रेकमास्तरांचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यांचा उजवा पाय कायम त्यावर तरंगत असे. मांजर आडवं आलं की टप्पकन दाबायचा, सोडायचा. मांजर येईलसं वाटलं तरी तेच. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

संध्याकाळी गाडी आत घेतली की गॅरेजच्या कोपऱ्यातल्या व्हायब्राफोनवरची चादर निघे. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या सामानातून ते वाद्य त्यांनी उचललं होतं. वर धातूच्या पट्ट्या, खाली पेडल. पेडल दाबून धरलं की सूर घुमत राहतो. सोडलं की तिथेच मिटतो.

जॅझ वाजवणाऱ्या तिघांना चौथा गडी हवा होता. त्यांचा म्होरक्या औषधाच्या दुकानाचा मालक. "एक रेकॉर्डिंग पाठवा, मग बघू," म्हणाला. मास्तरांची पन्नाशी उलटली होती. आता नाही तर कधी, असं त्यांच्या मनाने घेतलं.

फोन स्टुलावर ठेवून त्यांनी एक संथ धून वाजवली आणि पाठवली. निरोप आला, "हात तयार आहे, मास्तर. पण प्रत्येक सूर दचकून थांबतो. पुन्हा पाठवा."

"गोळ्या विकणाऱ्याला काय कळतंय!" मास्तर तणतणले. मग स्वतःच ऐकलं आणि ओशाळले. सूर उमलायच्या आत मरत होता.

"तुम्ही ब्रेक मारताय," बायको दारातून म्हणाली. "टप दाबला, टप सोडला. शेजारी बसून सिनेमा बघतानाही पाय असाच उडतो तुमचा."

"तू कधीपासून संगीतातली झालीस?"

"संगीतातली नाही. माझ्या साडीला विचारा, किती वेळा तुडवलीत."

मास्तर बूट काढून, टाच टेकवून सराव करू लागले. संध्याकाळी पाय जरा वळणावर यायचा. सकाळी गाडीत बसले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात त्यांच्याकडे शिकणाऱ्या नर्सबाई लायसनच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास होऊन आल्या.

"चौकात गाडी थांबलीच नाही हो."

"ब्रेक नाही दाबलात?"

"मला वाटलं, थांबेल. तुमच्याजवळ आपोआप थांबते ना!"

मास्तरांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पाय मागे ओढून सीटखाली घेतला.

"मास्तर, सायकल!"

"दिसतेय."

"मग दाबा की!"

"तुमच्याकडेही आहे."

गाडी गचका खाऊन थांबली. सायकलवाला बराच पुढे होता, त्याला पत्ताही नव्हता.

"जीव गेला असता माझा!" नर्सबाई कडाडल्या.

"गेला नाही ना? आता जरा आधी दाबा."

मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

पुढे रोज हेच. पाय सीटखाली थरथरायचा, ते थरथरू द्यायचे. अगदीच वेळ आली तरच तो पुढे येई, आणि आला की ठाम टेकायचा. एकदा वळणावर नर्सबाईंनी गाडी कुणाच्या तरी फाटकाला घासली. पहिला ओरखडा. मास्तरांनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "चला, रिव्हर्स."

त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा फोन स्टुलावर ठेवला. शेवटचा सूर वाजला तेव्हा पाय उचलायला शिवशिवला. त्यांनी टाच दाबून धरली. सूर बारीक होत गेला, आणि तो संपला की अजून आहे हे कळेना, तरी ते तसेच उभे राहिले. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी बायकोचा आवाजही आला, "झालं का?"

औषधवाल्याचा निरोप सकाळी आला. "शनिवारी या. शेवटचा सूर फार लांबलाय, ते इथे आवरू."

मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि गाडी काढली. नर्सबाई बाहेर ताटकळत होत्या.