आवक एकशे बारा

"याला जावक क्रमांक कुठंय?" मुख्याध्यापकांनी माझा कागद टेबलावरून परत सरकवला.

"सर, हा ईमेल आहे. पोस्टानं जायचा नाही."

"शाळेच्या नावानं बाहेर जाणारं प्रत्येक पत्र जावक रजिस्टरमधून जातं. मग ते पोस्टानं जावो नाहीतर तारेनं. आलेलं पत्रही आवक रजिस्टरला चढलं पाहिजे."

मी तेव्हा बेलापूरच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्यासाठी इंटरनेट म्हणजे श्रीरामपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला एकच पीसी. फोन लागला तर लागला.

हा सगळा खटाटोप नववीतल्या संगीतासाठी होता. आदल्या वर्षी आजारपणात तिची नजर गेली. बीजगणित ती तोंडी करायची, तेही वर्गाच्या आधी. भूमितीचा तास आला की गप्प बसायची. मुख्याध्यापक म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघू. नाही जमलं तर गणित सोडायला सांगू. पोरीचे हाल नकोत." माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच तिची काळजी होती. पण गणित सुटणार म्हटल्यावर संगीता शाळेतच यायची नाही, हे मला दिसत होतं.

"वर्तुळ मला अजून दिसतं, सर," ती एकदा म्हणाली. "फकस्त तुमी कुटं काढलंय त्ये कळत न्हाई."

अंध मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची एक मेलिंग लिस्ट होती. म्हणजे देशोदेशीच्या शिक्षकांच्या ईमेल पत्त्यांची यादी. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. उत्तर येई, तेही सगळ्यांना. आजच्या ग्रुपसारखंच, फक्त फुलांचे फोटो आणि सुप्रभात नसायचं. तिथं मी माझा प्रश्न पाठवला. इंग्रजीत, वर जावक क्रमांक, खाली 'मुख्याध्यापकांमार्फत'. तिकडच्यांना काय वाटलं असेल देव जाणे!

मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी श्रीरामपूरला जायचो आणि आठवड्याच्या पत्रांच्या प्रिंट घेऊन यायचो. प्रत्येक प्रिंटवर आमचे क्लार्क लोंढे भाऊसाहेब आवकचा शिक्का मारायचे. दिवसाला दहा-बारा पत्रं, जगभरातली. मला भाऊसाहेबांची दया यायची आणि रागही यायचा.

"भाऊसाहेब, माझ्या प्रश्नाची उत्तरं तेवढी ठेवा. बाकीची रद्दीत टाका."

"न्हाई, सर. नंबर पडला की पत्र शाळंचं झालं."

"मग नुसते नंबर टाका. वाचत कशाला बसता?"

"विषयाचा रकाना हाय ना! न वाचता त्यात काय लिहू?"

मॅट्रिक झालेला माणूस. शेजारी डिक्शनरी उघडून एकेक पत्र वाचायचा आणि रकान्यात एका ओळीचा मराठी सारांश लिहायचा. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

माझ्या प्रश्नाला चार उत्तरं आली. चौघांनी आपुलकीनं लिहिलं होतं, पण प्रत्येकानं सांगितलेलं साधन आमच्याकडे मिळणारं नव्हतं. मग मी पुठ्ठ्यावर डिंकानं दोरा चिकटवून आकृत्या केल्या. संगीता बोट फिरवून त्रिकोण ओळखायची. पण भूमितीत सिद्धता लिहिताना मध्येच एखादी रेषा स्वतः काढावी लागते. ती काढायला गेली की दोराच उचकटून यायचा. सहामाहीला दोन आठवडे उरले. मी आतून हरलो होतो.

एका दुपारी भाऊसाहेब फाइल घेऊन स्टाफरूममध्ये आले.

"सर, आवक एकशे बारा वाचलं का?"

मी पाहिलं. कुणीतरी भूगोलाच्या नकाशांबद्दल लिहिलं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच ते. "हे नकाशाचं आहे, भाऊसाहेब. भूगोलाचं."

"नकाशा काडता येतो, मग तिरकोन का न्हाई येनार?"

मी पत्र नीट वाचलं. मऊ रबरावर पातळ, कडक प्लास्टिक ताणायचं आणि बॉलपेन दाबून रेघ ओढायची. रेघ फुगून वर येते, लगेच हाताला लागते. भाऊसाहेबांच्या पिशवीत फळी होती. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून, सपाट करून ठोकलेली. वर नव्या साडीचं कव्हर.

"दुधाची पिशवी लावून बघितली, फाटती," ते म्हणाले. "मंडळींची साडीची पिशवी आनली. अजून त्यांना सांगितलं न्हाई."

संगीताला बोलावलं. पट्टी लावून तिनं एक रेघ ओढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"सर, ही मी काडली?"

"तूच."

मग तिनं त्रिकोण काढला. त्याच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन कशी होते ते घडाघडा सांगितलं. रेषा थोडी तिरकी होती.

सहामाहीला मुख्याध्यापक स्वतः तिच्याजवळ बसले. पेपर संपल्यावर त्यांनी डोळे मिटून तिच्या आकृतीवरून बोट फिरवलं. "गणित चालू राहील," म्हणाले, आणि उठून गेले.

मला वाटलं काम संपलं. भाऊसाहेबांना तसं वाटत नव्हतं. "सर, लिस्टची आवक चारशेच्या वर गेली आन जावक एकच. असं कुटं असतं व्हय? लोकांनी आपल्याला दिलं, आपन काय दिलं?"

म्हणून आम्ही पत्र लिहिलं. ट्यूब, साडीचं कव्हर, दुधाची पिशवी का चालत नाही, सगळं. शेवटची ओळ संगीतानं सांगितली : "आकृती हातात देऊ नका, काढू द्या." खाली तिचं नाव, वर जावक क्रमांक.

महिन्याभरानं दूरच्या कुठल्याशा देशातल्या एका शिक्षकाचं उत्तर आलं. त्याच्या विद्यार्थ्यानं ट्यूबवर पहिलं वर्तुळ काढलं होतं. पत्राच्या सुरुवातीला त्यानं आमच्या जावक क्रमांकाचा रीतसर संदर्भ दिला होता. भाऊसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग रजिस्टर उघडलं आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं : 'कु. संगीता हिच्या पत्राचे उत्तर.'

प्रश्न विचारायला मला आधीपासून येत होतं. दुसऱ्यांची पत्रं वाचायला मी आमच्या क्लार्ककडून शिकलो.