भोकाभोकाचा बूट

मंद्रूपच्या बिरुदेवाला मेंढरू आजारी पडलं की लांबूनच कळायचं. स्वतःचं दुखणं मात्र बायकोने, राजाबाईने, दाखवून दिलं तरच कळे. गेल्या साली लोकरीच्या कातरणीआधी सीना नदीत मेंढरं धुताना त्याच्या पायात काच घुसली, तर पाणी लाल झालेलं आधी राजाबाईने पाहिलं. हा आपला मेंढी चोळण्यात दंग! जखम चिघळत गेली, शेवटी करंगळी काढावी लागली. रक्तात साखर आहे, आता जखम झाली तर पाऊल वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जन्मभर चहासुद्धा गुळाचा प्यायलेल्या माणसाच्या रक्तात साखर शिरली कुठून, हे कोडं बिरुदेवाला अजून सुटलेलं नाही.

यंदाची कातरणी जवळ आली. मेंढरं दुसऱ्याच्या हाती सोपवील तर तो बिरुदेव कसला! म्हणून चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेली त्याची लेक ऋतुजा त्याला सोलापुरात नवी पेठेत घेऊन गेली. पाण्यात घालायचे बूट घ्यायला.

दुकानदाराने बूट पुढे ठेवला. बिरुदेवाने तो उजेडाकडे धरला, तर आरपार दिसलं.

"ह्याला भोकं हायती की! पानी आत शिरंल."

"शिरणारच काका. आत आलेलं पाणी लगेच बाहेर जावं म्हणून तर भोकं."

"भाईरच काडायचंय, तर आत कशाला घ्यायचं?"

दुकानदाराने ऋतुजाकडे पाहिलं, ऋतुजाने छताकडे. मग बिरुदेवाने एक नंबर मोठा मागितला. वहाण असो की सदरा, सैल घ्यावा हा त्याचा बाणा.

"आप्पा, सैल बूट गाळात रुतून बसंल. टाच हालली न्हाय पायजे," म्हणत तिने वाकून त्याच्या पायात बेताचा बूट चढवला. "चावतोय का कुटं?"

"न्हाय बा. कुटंच न्हाय."

लेक खूश झाली. बूट चांगला निघाला, असं तिला वाटलं.

कातरणीच्या आदल्या दिवशी कळप नदीवर आला. बिरुदेवाने काठावर बूट काढले, भिजू नयेत म्हणून बाभळीखाली नीट मांडले, सीनेला हात जोडले आणि अनवाणी पाण्याकडे निघाला.

"आवं!" राजाबाई ओरडली. "ते काय बाभळीला घेतलं व्हय?"

"नदी आई हाय. तिच्या अंगावर पायताण घालून जाऊ?"

"आईला लेकराचे पाय पायजेत, का पायताणाचा मान?"

बिरुदेव गोंधळून मागे फिरला, बूट चढवले, कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि पहिलीच मेंढी धुता धुता कुरकुरू लागला.

"फसवलं गं आपल्याला. ह्या बुटात खालचं काय कळतच न्हाय. दगड हाय का गाळ हाय, काय पत्ता लागंना."

"तळ तर पातळ हाय की त्येचा," राजाबाई म्हणाली. "ऋतुजा म्हनली, खडा नि खडा कळतोय."

"ऋतुजाला काय ठावं? थांब, दावतो तुला."

मेंढीच्या पाठीवर भार टाकून त्याने एक बूट काढला आणि उघडा पाय तळाच्या गोट्यांवर टेकवला. मग दाबला. मग घासून पाहिला. दोन्ही पायांखाली सारखंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. त्याने एकदा हातातल्या बुटाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. आपलं पाऊल तळाला टेकलंय की अधांतरी आहे, हे पाण्यात वाकून पाहिल्याशिवाय त्याला सांगता येईना. बिरुदेव भ्याला. लांडग्यालाही तो कधी इतका भ्याला नव्हता.

"लागतंय का आता?" राजाबाईने विचारलं.

मेंढी सोडून तो तसाच काठावर आला, खाली बसला आणि बूट राजाबाईच्या पुढे धरला.

"तूच घाल," तो म्हणाला. "नि नीट बसला का बघ. मला कळत न्हाय."