बिनमसाल्याची वाटी

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी दिल्लीजवळच्या मानेसरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. ‘अच्छा,’ एवढंच तोंडातून निघालं. त्याला आता महिना उलटला.

सुनंदावहिनी सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. हरियाणात रोहतककडच्या खारावलेल्या जमिनीत तळी खोदून शेतकरी कोळंबी वाढवतात. तिला रोग लागला की तळंच्या तळं मरतं, म्हणून लोक पाण्यात अँटिबायोटिक्स ओततात. वहिनींना त्याऐवजी सूक्ष्म शेवाळातून औषध काढायचं होतं. नोएडाच्या घरातही खिडकीशी हिरव्या पाण्याच्या बाटल्या असत. मी त्यांना पालकाचं सरबत म्हणायचो. ‘प्या की भाऊजी, बिल्कुल फुकट आहे!’ असं वर ऐकवायच्या. आमटीत नवा मसाला घालायचा असला की आधी एक वाटी साधी काढून ठेवायच्या आणि ती हटकून माझ्यापुढे सरकवायच्या. ‘साधी चाखल्याशिवाय मसाल्याचं कसं कळणार?’

एकदा त्यांना यश आलं. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत शेवाळाच्या अर्काची कागदी चकती ठेवली, तर तिच्याभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटलं. प्रकल्प चालू राहणार की गुंडाळला जाणार, ते त्यावरच ठरणार होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेढे वाटले. तो निर्णय व्हायच्या बैठकीआधी वहिनींनी पुन्हा पडताळा घेतला. अर्क ज्या द्रावकात काढला होता, नुसत्या त्यातच बुडवलेली कोरी चकती ठेवली… तिच्याभोवतीही तेच वर्तुळ! पहिल्या वेळीही कोरी चकती ठेवली होती, पण ती पूर्ण वाळून तिच्यातला द्रावक उडून गेला होता; शेवाळाची मात्र ओलसर राहिली होती. म्हणजे जंतू मारले होते द्रावकानं. ‘मैडम, अभी रहने दीजिए,’ साहेब म्हणाले. वहिनी भर बैठकीत उभ्या राहिल्या आणि ‘हमारा रिज़ल्ट ग़लत है’ असं सांगून खाली बसल्या.

प्रकल्प थांबला. वहिनी थांबल्या नाहीत. दुसऱ्या कामांतून वेळ काढून त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं, आणि अखेर वर्तुळ आलं ते फक्त शेवाळाच्या चकतीभोवती. प्रयोगाच्या टाक्यांतली कोळंबीही तगली. तळ्यांपर्यंत पोहोचायचं राहिलं… ते आता त्यांचे सहकारी करतील, आणि निर्धास्तपणे करतील. मला त्या यशाचा अभिमान आहेच, पण त्या कोऱ्या चकतीचं नाव काढलं की आजही माझी छाती फुगते.

परवा दादाकडे जेवायला गेलो. त्यानं पहाडगंजहून आणलेल्या नव्या मसाल्याची आमटी केली होती, आणि माझ्या ताटाशेजारी एक वाटी साधीही ठेवली होती. मी आधी ती साधी संपवली, मग दुसरी चाखली.

‘दादा,’ मी म्हणालो, ‘मसाला खरंच चांगला आहे.’