दोन शिंगांमधला फरक

सृष्टी तयार झाली तेव्हा माल तपासून घ्यायला कोणी माणूस नेमायचा ठरला असता, तर त्या जागेसाठी माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसऱ्या कोणाचा अर्ज आला नसता. मामा कोल्हापुरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर लोक बागेत कुंड्या लावतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. मामांनी सजीवांचे मूळ आकार हा विषय हाती घेतला आणि शेजारीपाजारी कोणाची सुटका राहिली नाही. प्राणी कोणता हे नंतर. आधी त्याच्या शरीराचा आस कुठून जातो ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. तारामासा चाकाच्या आऱ्यांसारखा, मध्यापासून सगळीकडे सारखाच. माणूस, म्हैस, फुलपाखरू यांच्या मधोमध रेघ ओढली की दोन जुळे अर्धे. आणि काही स्पंज असे, की त्यांना पुढं-मागं, डावं-उजवं काहीच नसतं. "हे समुद्राच्या तळाशी सापडतात," मामा गंभीरपणे सांगत, "आणि व्यासपीठावर."

व्यासपीठाचा त्यांना अनुभव होता. त्यांच्या निरोप समारंभात अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक खुर्ची जास्त होती. ती जास्तीची खुर्ची नेमकी मामांचीच निघाली. भाषणं चालू असताना मामा उठले, खुर्ची उचलली आणि खाली प्रेक्षकांत येऊन बसले. त्यामुळे समारंभाचं काही अडलं नाही. मामांची शाल अध्यक्षांनीच इतरांच्या आग्रहाखातर स्वीकारली. घरी भेंडी चिरताना तिचा पंचकोन दिसलाच पाहिजे, म्हणून ती आडवीच चिरायची असा त्यांचा दंडक. एकदा ते फोड उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले, तेव्हा मामी म्हणाल्या, "तुमचं दर्शन झालं असंल तर द्या की हिकडं. कढई तापलीया."

मामांचं सगळं बोलणं मनापासून ऐकणारा माणूस एकच. गल्लीच्या तोंडाशी गोठा असलेले आप्पा गवळी. रोज सकाळी मामा गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसत, आप्पा समोरच पेल्यात धार काढून देत, आणि फेस खाली बसेपर्यंत मामा त्यांना जीवसृष्टी समजावत. आप्पांची लाडकी म्हैस चांदणी. तिचं एक शिंग मागं वळलेलं, दुसरं निम्म्यातच खाली कानाकडं उतरलेलं. "आप्पा, हिचं वरच्यानं एका बाजूचं काम अर्धवट सोडलंय," मामा म्हणत. आप्पा हसत. "आवो सर, म्हशीला आरसा दाखवायचा नसतो. बादली लावायची असती."

मागच्या दिवाळीत गल्लीतल्या मंडळानं पाडव्याला म्हशींची सौंदर्यस्पर्धा ठेवली. आमच्याकडे पाडव्याला म्हशी नवरीसारख्या नटवून रस्त्यावर आणतात. परीक्षक म्हणून शास्त्र जाणणारा माणूस हवा, म्हणून मामांना बोलावलं. आप्पांचे गुडघे गेले होते, मुलांना गोठा नको होता, दिवाळीनंतर सगळी जनावरं विकायची ठरली होती. तेव्हा या शेवटच्या पाडव्याला पहिल्या नंबरचा फेटा आप्पांना आणि हार चांदणीला, हे गल्लीनं मनात धरलं होतं. मामांना ते कोणी सांगितलं नाही, कारण सांगायची गरज कोणालाच वाटली नाही.

मामा दोरा आणि कंपास घेऊन आले. प्रत्येक म्हशीच्या कपाळाच्या मध्यापासून त्यांनी शिंगं मोजली, कान मोजले, डोळे मोजले. चांदणीपाशी त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी पहिला नंबर पलीकडच्या पेठेतल्या एका म्हशीला दिला. हलगी वाजायची थांबली. आप्पा मोरपिसांनी सजवलेल्या चांदणीच्या गळ्यावर हात ठेवून उभे होते. "शिंग वाकडं हाय म्हणून म्हस वाकडी झाली व्हय, सर?" एवढंच म्हणाले आणि वळले. त्यांनी दावं ओढलं नाही. ती आपोआप त्यांच्या मागं गेली.

दुसऱ्या दिवसापासून मामांना कट्ट्यावर दूध मिळे, बोलणं मिळेना. मामा फेस खाली बसेपर्यंत थांबत आणि घरी येत. मी विचारलं, "मामा, आप्पांचा शेवटचा पाडवा आहे हे ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणून तिला पुन्हा मोजलं. वाटलं, आपलंच काही चुकलं असेल."

चांदणीला न्यायला राधानगरीकडून टेम्पो आला. ती चढेना. ड्रायव्हरनं ढकललं, पोरांनी शेपटी पिरगळली, ती पाय रोवून उभी. शेवटी आप्पाच दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढले आणि त्यांच्या मागं ती चढली. आता आप्पा उतरले की तीही उतरणार, हे सगळ्यांना कळलं. "चला, मीच जातो सोडायला," आप्पा म्हणाले. टेम्पो सुरू झाला तशी ती एका अंगाला झुकली आणि आप्पा फळीला चेपले गेले.

"थांबा हो, थांबा!" मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात कट्ट्यावरून धावत आले. "दुसऱ्या बाजूनं कोणीतरी धरायला पाहिजे तिला."

"सर, श्याण लागंल," आप्पा म्हणाले. पाडव्यानंतर मामांशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"लागू दे."

वाटेत काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. मी त्यांना परत येताना पाहिलं. दिवे लागायची वेळ होती. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामीच होती. दोघं म्हातारे मागं हौद्यात उभे होते, एक या फळीला धरून, एक त्या फळीला, मधली जागा मोकळी सोडून.