टीसी मावशींची रांग

टीसी मावशी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे आधी कधीच बघत नसत. आधी हात बघत. हातात काय आहे, मूठ का मिटली आहे, बोटं पदराशी का चाळा करताहेत. ते झालं की नजर सावकाश वर येई, आणि आपण काही केलेलं नसलं तरी काहीतरी केलं असावं असं आपल्यालाच वाटू लागे. रायपूर स्टेशनावर त्यांनी अख्खी नोकरी तिकिटं तपासण्यात काढली होती. "बिनातिकिटाच्या माणसाचं तोंड लय साळसूद राहते," त्या सांगत. "पण हात चुगली करते."

निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याने भेंडी कोवळी आहे म्हटलं की त्याच्याच हाताने एक मोडायला लावत. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब वाढलाय असं सांगितलं तेव्हा मावशींना त्यांच्या यंत्राचाच संशय आला. डॉक्टरांनी आधी स्वतःचा दाब मोजून दाखवला, मग मावशींनी दंड पुढे केला. "मले सांगू नको, दाखव," हे त्यांचं वाक्य चौबे कॉलोनीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं.

छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हाची ही गोष्ट. रायपूर राजधानी झालं आणि शेजारी कोण राहायला येईल याचा कोणाला नेम राहिला नाही. भोपाळहून बदलून आलेली साहेबमंडळी आली, घरभाडी चढली, आणि जो तो दुसऱ्याला "आप मूलतः कहाँ के?" असं विचारू लागला. आमच्या मराठी मंडळातही तेच. भोसल्यांच्या काळापासून इथे असलेली घराणी स्वतःला मूळची समजत. रेल्वेसाठी विदर्भातून आलेली आमच्यासारखी कुटुंबं त्यांच्या लेखी अजून पाहुणीच. आणि भोपाळवाल्या बायकांना दोन्हींकडून चहा मिळे, पण घरचं आमंत्रण मिळत नसे. श्रावणात मंडळाच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम व्हायची, गणपतीत ते खेळ मंचावर व्हायचे. त्या वर्षी तालमीवर देखरेख करायला कोणी तयार होईना, कारण मागच्या वर्षीच्या भांडणांचे व्रण ताजे होते. हॉलची किल्ली मावशींकडे आली ती अशी.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दाराशी लोखंडी खुर्ची टाकली आणि फर्मान काढलं. ज्याला बघायचं असेल त्याने नाचायचं. नुसतं बघत बसायला हॉलमध्ये जागा नाही. बायकांना सोडायला येणारे नवरे, "जरा बसतो" म्हणणारे दीर, नवे कॅमेरे मिरवणारे भाचे, सगळे एका दमात बाहेर. मंडळाचे कार्यवाह मात्र पंख्याचं बटण तपासायला म्हणून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मावशींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यात ना पेचकस, ना पक्कड.

"साहेब, झिम्म्यात एक जण कमी पडून राहिली. या."

कार्यवाह बिचारे खरंच गोलात शिरले. चार टाळ्या चुकवल्या, एकदा स्वतःच्याच पायात पाय अडकवला, आणि त्यानंतर तालमीच्या वेळी त्यांना हॉलचा पंखा कधी आठवला नाही. चिटणीसवहिनींनी, म्हणजे जुन्या घराण्यांतल्या सगळ्यांत मानाच्या बाईंनी, हसत विचारलं, "मावशी, मग तुम्ही कशा काय नुसत्या बसता?"

"मी पाहत नाही," मावशी म्हणाल्या. "मी तपासते."

त्यांनी दुसरी उचापत केली ती जोड्यांची. आमच्याकडे फुगडीच्या जोड्या ठरलेल्या असत. जुन्या घरची जुन्या घरच्याशी, रेल्वेवाली रेल्वेवालीशी. मावशींनी सगळ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं. एक रांग स्थिर. दुसरी रांग प्रत्येक गाणं संपलं की एक जागा पुढे सरकायची, आणि समोर येईल तिचे हात धरायचे. आवडनिवड नाही. गाणाऱ्या दोघी तेवढ्या बाजूला. बायका कुरकुरल्या. रेल्वेचा खाक्या इथे कशाला, असंही कोणी पुटपुटलं. मलाही तो हुकूमशाहीचाच प्रकार वाटला, पण बोलले नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझ्यासोबत माझी धाकटी बहीण आली होती.

तिला आम्ही छोटी म्हणतो. ती तेव्हा पंडरीतल्या कापडाच्या दुकानात हिशेबाला जायची. तिच्या हातांवर कोड आहे. शाळेत असताना मनगटावर एक ठिपका उमटला आणि बघता बघता दोन्ही पंजे पांढरे झाले. रायपूरच्या पोरी स्कूटीवर बसल्या की उन्हासाठी कोपरापर्यंत कापडी हातमोजे घालतात. छोटीला ते फार सोयीचे पडले. फरक इतकाच की बाकीच्या पोरी गाडी लावून मोजे काढतात, छोटी काढत नसे. दुकानात नाही, लग्नात नाही, देवळातही नाही. माझा स्वभाव संशयी आहे हे मी लपवत नाही. कोड असलेल्या बहिणीबरोबर जी वाढली ती संशयी झाली नाही तर नवल. समोरच्याने प्रसाद हातावर ठेवला की वरून टाकला, हे मी आजही बघते.

त्यामुळे मावशींनी छोटीला दारात अडवून "हात दाखव" म्हटलं तेव्हा माझं रक्त उसळलं. छोटीने खाली मान घालून मोजे काढले. मावशींनी तिचे दोन्ही पंजे तिकीट उलटंपालटं करावं तसे उलटून पाहिले. मी घरी परत न्यायच्या तयारीने तिची पर्स उचलली.

"मोजे बाहेरच ठेव," मावशी म्हणाल्या. "घसरते ते. फुगडीत हात सुटला तं डोकं फुटंल, तुहं नाही, समोरच्या बाईचं."

एवढंच. मला ते बोलणं सरळ वाटलं नाही. कोणाच्या मनात काय असतं सांगता येत नाही.

आणि दोन-तीन दिवसांत माझ्या संशयाला हवं ते मिळालंच. हॉलच्या मागच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. छोटी स्थिर रांगेत उभी राही. सरकत्या रांगेतली एखादी बाई तिच्यापासून एका जागेच्या अंतरावर आली की तिला तहान लागे. श्रावणातली दमट संध्याकाळ, तहान लागणारच. पण ती नेमकी तिथेच लागे, आणि गाणं संपून रांग पुढे सरकली की शमे. कोणी काही बोलत नसे. उलट जाताजाता छोटीकडे बघून गोड हसत. तिच्यासमोरची जागा रिकामी पडली की मी माझी जोडी सोडून धावत तिथे जाई आणि तिचे हात धरी. छोटीही हसून मला म्हणे, "दीदी, आप ही ठीक हो." घरी गेल्यावर मात्र ती जेवण न करताच झोपायची. अशा वेळी मला सगळ्या हॉलला आग लावावीशी वाटे.

मावशी खुर्चीवरून हे सगळं बघत होत्या. एका संध्याकाळी चिटणीसवहिनींना तहान लागली. वहिनी माठाकडे निघाल्या, मी माझी जागा सोडली, तोच मावशींचा आवाज आला.

"थांबा. गाणं बंद."

गाणाऱ्या दोघी गप्प झाल्या.

"आजपासून कोणाले तहान लागली तं रांग थांबंल. बाई पाणी पिऊन येईल, आन् जिथं थांबलो तिथूनच पुढं जाऊ. घाई कायची आहे? अन् तू," हे मला, "तू आपल्या जाग्यावर जा."

वहिनी पाणी पिऊन छोटीसमोरच्या जागेवर आल्या. घाईने प्यायल्या असाव्यात, हनुवटीवर थेंब होता. सगळा हॉल उभा होता. छोटी हात पुढे करून उभी होती. वहिनींनी एकदा हातांकडे पाहिलं, एकदा मावशींकडे, आणि इतके दिवस सगळ्यांच्या तोंडात घोळत असलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"मावशी, राग मानू नका. पण ते लागतं म्हणतात ना? घरात माझी नात लहान आहे हो."

"मले सांगू नका, दाखवा," मावशी म्हणाल्या. "कोणाले लागलं ते दाखवा."

 मी तोंड उघडणार तेवढ्यात छोटीच बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. "नहीं लगता, भाभी. लगता तो सबसे पहले दीदी को लगता. बचपन से एक थाली में खाते हैं." आणि मग मराठीत, जे ती घराबाहेर बोलतच नसे, "तुमाले नसन धरायचे तं राहू द्या. पण पाणी प्यायला नका जाऊ."

वहिनींचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हती ती, भित्री होती. त्यांनी छोटीची दोन-दोन बोटं धरली, विस्तवातून काही उचलावं तशी. गाणं सुरू झालं, पहिला फेरा सुरू झाला, आणि मावशी खुर्चीतूनच ओरडल्या, "बोटं नाही, वहिनी, पंजा! पडसान!" फुगडी ही काही नमस्कार-चमत्काराची गोष्ट नाही. पाय जुळवून मागे झुकलं की दोघींचं वजन त्या चार हातांवर येतं. वहिनींचं वजन बऱ्यापैकी होतं. तोल जायला लागला तसे त्यांनी छोटीचे हात मनगटापर्यंत गच्च आवळले, आणि गाणं संपेपर्यंत सोडले नाहीत.

मी मावशींना त्याच दिवशी बाहेर गाठलं. "तुम्ही हे मुद्दाम केलं. माझ्या बहिणीचा चारचौघींत तमाशा केला."

"हव, मुद्दामच," त्या हॉलला कुलूप लावत म्हणाल्या. "अन् तू काहून मधात शिरत होती?"

"मग काय तिला एकटी उभी ठेवू?"

"तू शिरली की सगळ्यायची सुट्टी होऊन राहिली होती. तुहा हात तिले घरी भेटते. इथं ती दुसऱ्यायचा घ्यायले आली."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. कोणाच्या तरी बहिणीला पुढे करून नवा कायदा राबवायचा, हा मला निर्दयपणाच वाटतो. पण त्या दिवसानंतर बायकांची तहान कमी झाली, हे मला कबूल करावं लागतं. आणि छोटी रात्री जेवू लागली, हेही.

गणपती जवळ आले तसे कार्यवाह पुन्हा उगवले. या वेळी दाराबाहेर उभे राहून, अत्यंत गोड आवाजात. नव्या मंत्रालयातले मोठे पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. मंचावर वेळ थोडा, म्हणून रांग न सरकवता एकाच जोडीने खेळायचं ठरलं होतं, आणि वहिनींसमोर छोटी आली होती. "छोटीचा गळा छान आहे असं ऐकतो. तिला गाण्यात बसवू या का? माईकवर, पुढे, मानाने." मी छोटीकडे पाहिलं. तिचा गळा अगदी सामान्य आहे, हे तिलाही ठाऊक आहे. इतक्या मानाने आजवर तिला कोणी बाजूला केलं नव्हतं. ती "ठीक है" म्हणायला निघालीच होती. मावशी कार्यवाहांच्या हातांकडे एकटक बघत होत्या. पण त्यांच्याआधी बोलल्या त्या चिटणीसवहिनी.

"ती गाण्यात गेली तर माझ्यासमोर कोण?"

"दुसरी कोणीही देऊ की, वहिनी."

"दुसरी कोणीही मला पाडेल. हिच्यासारखी पकड एकीची नाही. मागच्या आठवड्यात दुसरीबरोबर घातली, माझी कंबर अजून दुखते आहे. ही नसेल तर मी मंचावर पाय ठेवणार नाही."

मी वहिनींच्या बोलण्यात दया शोधली, पश्चात्ताप शोधला. दोन्ही सापडलं नाही. त्यांना खरोखर कंबरेचीच काळजी होती. मावशींना बहुतेक तेच आवडलं असावं, कारण दयेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढं एकदाच. छोटी मंचावर फुगडी खेळली, उघड्या हातांनी, लाल काठाच्या साडीत. पाहुणे आले की नाही ते मला आठवत नाही. मी सगळा वेळ छोटीचे हात बघत होते.

पुढे बरीच वर्षं श्रावणातली तालीम मावशींच्याच पद्धतीने चालली. भोपाळवाल्या आता भोपाळवाल्या राहिल्या नाहीत. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी सुनाही येऊ लागल्या. एकीने त्यांचा पोपटाच्या गाण्यांचा सुआ नाच शिकवला, तोही त्याच रांगेत. मावशींचा विश्वास मात्र कोणावरच बसला नाही. माझ्यावरही नाही. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, "मीठ पाह्यलं काय? सांगू नको, पिऊन दाखव." मी दोन घोट प्यायले, मग त्या प्यायल्या. त्या हिवाळ्यात त्या गेल्या.

हॉलमध्ये शोकसभा झाली. कार्यवाह बोलायला उभे राहिले आणि मावशी किती प्रेमळ, किती मनमिळाऊ होत्या असं सांगू लागले. मला उठून खोडून काढावंसं वाटलं. प्रेमळ कसल्या, त्यांनी आम्हां सगळ्यांना आयुष्यभर चोर समजून वागवलं. आणि म्हणूनच एका खोलीत आम्ही सगळ्या जणी सारख्या होतो. तशी दुसरी खोली या शहरात मला अजून मिळालेली नाही.  

छोटी माझ्या शेजारी रडत होती. तिच्या पलीकडच्या खुर्चीवर चिटणीसवहिनी होत्या, बऱ्याच थकलेल्या. भाषण चालू असताना त्यांनी छोटीकडे न बघताच तिचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. डाग आता कोपरापर्यंत चढले होते. मी माझ्या सवयीने बघत राहिले, वहिनी हात कधी सोडतात ते. श्रद्धांजली झाली, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं, बायका चपला शोधू लागल्या, खुर्च्या उचलायला माणसं आली. वहिनींनी तोपर्यंत हात सोडला नव्हता.