शिशाचं पानिपत

समोरच्या फ्लॅटच्या लोखंडी दाराला आज ऑइलपेंट लावताहेत. सकाळपासून टर्पेंटाइनचा वास मजलाभर पसरला आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारींना ऊत आला आहे. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला शिंका आवरत नाहीत, कुणी सेक्रेटरीला नियम दाखवतंय. मी मात्र दार किलकिलं करून, खुर्ची ओढून, त्या वासाच्या वाटेत बसलो आहे. सीवूड्सच्या या चौदाव्या मजल्यावर एरवी कसलाच वास येत नाही. शेजारच्या घरात आज काय शिजतंय हेसुद्धा कळत नाही. हा वास आला आणि मला माझं सैन्य आठवलं. तुम्ही हसाल, पण माझ्याकडे खरंच सैन्य आहे. घोडदळ, पायदळ, तोफा, निशाणाचा हत्ती, दोन्ही बाजू मिळून सहाशेच्या वर, आणि एकेक गडी बोटाच्या पेराएवढा.

सत्तरचं दशक सरता सरता मी कराडहून तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो आणि वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहू लागलो. तेव्हाची वाशी आजच्या माणसाला सांगून पटायची नाही. रस्ते आधी आले होते, माणसं मागाहून यायची होती. सरळ, रुंद, काळेभोर रस्ते, कडेला ओळीनं दिव्यांचे खांब, आणि त्या खांबांखालून जायला कुत्रंसुद्धा नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं, त्यातली पाच भरलेली. खाडीवरून खारं वारं यायचं, रिकाम्या घरांची दारं दिवसभर आपटत राहायची. त्या पाच घरांतले लोकही रविवारी पूल ओलांडून मुंबईला नातेवाइकांकडे पळायचे. माझं मुंबईत कुणी नव्हतं. कराडच्या भरल्या घरात एकटेपणा म्हणजे मला चैन वाटायची, कारण तो मिळायचाच नाही. इथं तो मिळाला आणि माझी खोड मोडली. एकदा शनिवारी कारखान्यातून आलो तो सोमवारी सकाळी बस कंडक्टरला तिकीट मागेपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नव्हता. घसा इतका धरला होता की त्यानं दोनदा विचारलं, कुठं जायचंय.

अशातच फोर्टच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, एक विलायती मासिक हाती लागलं. त्यात मिशीवाले, पाइप ओढणारे चांगले थोराड गृहस्थ एका मोठ्या टेबलाभोवती उभे राहून शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळत होते. घोडेस्वारानं एका पाळीत बारा इंच जायचं, प्याद्यानं सहा. तोफेचा पल्ला टेपनं मोजायचा. कोण पडलं, कोण उरलं ते फाशांवर ठरायचं. इतिहासात लढाई जशी उभी राहिली तशी मांडायची, आणि मग आपल्या अकलेनं ती पुन्हा लढायची. हे वाचलं आणि अंगावर काटा आला. एखादी लढाई पुन्हा लढायची मुभा मिळाली तर मराठी माणूस दुसरी कुठली मागेल? आमच्या बोलण्यात एखाद्याचा पार धुव्वा उडाला की त्याचं पानिपत झालं म्हणतात. इतकं ते दुखणं घरातलं आहे. मी पानिपत करायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. असले सैनिक विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी मेणाचा घोडेस्वार कोरला, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा केला, कोळ्यांकडून जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, स्टोव्हवर वितळवल्या आणि ओतल्या. साचा फाडकन फुटला. शिशाचे शिंतोडे भिंतीवर गेले, एक मनगटावर आला. त्याचा डाग अजून आहे. असं तीनदा झालं. शेवटी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, प्लॅस्टरचं काम गणपतीवाल्यांना विचारावं. आमच्या वसाहतीला लागूनच जुनं वाशीगाव होतं. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीचा कारखाना होता, आणि त्या कारखान्याचे मालक, मूर्तिकार, रंगारी, सगळं एकच गृहस्थ होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, उघडे, कानावर ब्रश खोचलेला. त्यांनी माझा साचा हातात घेतला आणि, मला काही कळायच्या आत, तो स्वतःच्या गालाला लावला.

"वला हाय," ते म्हणाले. "वरशी सुका दिसतंय, पन पोटात पानी हाय. खाडीची हवा, भाऊ. आठ दिस उनात ठेवा, मंग गालाला लावा. गार लागला तं वतू नका."

त्या एका वाक्यावर माझी फौज उभी राहिली. दोन वर्षं मी साचे गालाला लावत राहिलो. कारखान्यातून आलो की खिडकीपाशी बसायचं, खारीच्या केसांच्या ब्रशनं अंगरखे, शेले, पागोटी रंगवायची. टर्पेंटाइनमध्ये कालवलेला ऑइलपेंट सुकायला इतका वेळ लागे की दिवसाला दोन गडीसुद्धा व्हायचे नाहीत. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत केलं, प्लायवुडवर उंचवटे केले. एका रविवारी मी हे सगळं मांडलं आणि त्यांना बोलावलं. दादा म्हणायचो मी त्यांना. दादा टेबलाभोवती दोनदा फिरले, एकेका घोड्याच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "ब्येस झालाय. आनि दुश्मन कुठं हाय?"

दुश्मन नव्हता. आधी आपले होऊ देत, मग त्यांचं बघू, असं म्हणत मी दोन वर्षं आपलेच करत राहिलो होतो. माझ्या हाताला दुसरं काही करवत नव्हतं, हे खरं कारण. दोन वर्षं खपून मी अशी फौज उभारली होती जिला समोर कुणी नाही, आणि मासिकातल्या त्या टेबलाला दोन बाजू होत्या हे मी सोयीनं विसरलो होतो. खेळणार तरी कुणाशी होतो? दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मी करतो," ते म्हणाले. "गनपती झाले का मना तरी काय काम असतंय?"

त्यांनी एका हिवाळ्यात शत्रू घडवला. लांब कोट, उंच टोप्या, उंटांवर बसवलेल्या लहान तोफा. मी मासिकातली आणि शाळेच्या पुस्तकातली चित्रं दाखवली होती, पण त्यांनी जे केलं ते चित्रांत नव्हतं. त्यांनी प्रत्येक गड्याचे डोळे आखले. गणपतीचे आखतात तसे, श्वास रोखून, एका केसाच्या ब्रशनं. पांढरं, काळं, वरची रेघ. माझ्या मराठ्यांना डोळ्यांच्या जागी नुसता एकेक ठिपका होता. मला ते खटकलं. शत्रूवर कशाला एवढी मेहनत, असं मी म्हणालोसुद्धा. ते हसले. "मूर्ती केली का डोले काडायलाच लागतात. कोनाची हाय ते नाय बगायचा."

मग रविवार सुरू झाले. तसे रविवार मला पुन्हा लाभले नाहीत. दहाच्या सुमाराला त्यांची सायकल खाली वाजे. पिशवीत घरच्या तांदळाच्या भाकऱ्या असत. मी चहा ठेवी, ते टेप आणि फासे मांडत. नियम त्यांना तिसऱ्या रविवारी माझ्याहून पक्के झाले. खेळताना ते फार बोलत नसत. कधी गावचं काही सांगत, कधी आपली भातखाचरं या वसाहतीत कशी गेली ते. मी ऐकल्यासारखं करी आणि माझ्या फौजेच्या डाव्या बगलेचा विचार करी. मी जिंकत होतो ना! ओळीनं आठ रविवार पानिपतावर मराठे जिंकले. कराडला घरी पत्रात मी हे लिहिलंदेखील, जणू सरकारनंच मला इतिहास दुरुस्तीच्या कामावर नेमलं होतं.

नवव्या रविवारी माझी चूक झाली. मी घाईनं घोडदळ पुढे काढलं आणि तोफखाना उघडा पडला. दादांचे उंट बरोबर दहा इंचांवर, म्हणजे नेमके पल्ल्यात होते. त्यांनी टेप लावला, आकडा पाहिला, टेप गुंडाळला, आणि उंट उजवीकडे, रिकाम्या माळावर नेऊन उभे केले.

"दादा, तुम्ही मुद्दाम हरताय?"

ते जरा गडबडले. "मुद्दाम म्हंजे... आपलीच मानसं ना ती, भाऊ. तुमी येवडं जीव लावून केलंत. आपल्या हातानं कशी मारायची?"

दुसरा कुणी असता तर त्यानं या माणसाला मिठी मारली असती. मी चिडलो. मला लहान पोर समजता का, म्हणालो. असल्या जिंकण्याला काय अर्थ आहे, म्हणालो. पुढच्या रविवारी खरं खेळायचं असेल तर या, असं बजावलं. एकटा माणूस मानी होतो की मानी माणूस एकटा पडतो, मला ठाऊक नाही. माझ्यात दोन्ही होतं.

पुढच्या रविवारी ते खरं खेळले. मी नकाशे काढणारा माणूस, मी टेबल वरून पाहत होतो. ते खाली वाकून, डोळा प्लायवुडच्या पातळीला आणून पाहत होते. उतार कुठं आहे, चढ कुठून सोपा, हे त्यांना न मोजता कळत होतं. पहिल्या दोन पाळ्यांत त्यांनी मधली टेकडी घेतली आणि मी जे जे तिच्यावर पाठवलं ते ते परतवलं. चहा निवायच्या आत माझं पानिपत झालं. दादांनी फासे खाली ठेवले, आणि मला वाटतं ते थोडे लाजले होते. तेव्हा मी बोललो. बोललो ते शब्द मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत.

"टेकडी राखणं छान जमलं, दादा. खरी जमीन राखायची होती तेव्हा कुठं होतात?"

मला माहीत होतं मी काय बोलतोय. जिभेवरून घसरलं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. लागावं म्हणून बोललो, आणि लागलं.

"इथंच होतो, भाऊ," ते हळू म्हणाले. "ही बिल्डिंग हाय ना, ती आमच्याच खाचरावर हाय. बारीकच जागा होती. पन भात बरा यायचा."

एवढंच. आवाज चढला नाही. त्यांनी नेहमीसारखे आपले सैनिक एकेक करून कापसात गुंडाळले, डब्यात ठेवले, माझे पडलेले घोडेस्वार उभे करून दिले, आपला कप विसळून पालथा घातला आणि गेले. डबा माझ्याकडेच राहिला.

त्यानंतरचे रविवार मी दहा वाजल्यापासून खिडकीत काढले. चार गेले, पाच गेले, निम्मा पावसाळा गेला. मग एका दुपारी मीच वाशीगावात गेलो. गणपतीला पंधरा दिवस उरले होते, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दादा डोळ्यांच्या आखणीला बसले होते. त्यांनी मला बघून पाट पुढे केला, घरातून चहा मागवला, कसे आहात विचारलं. मी हवेबद्दल बोललो. प्लॅस्टरचा भाव किती वाढलाय ते बोललो. 'चुकलं माझं' एवढे दोनच शब्द घेऊन मी घरून निघालो होतो, आणि ते तसेच घेऊन परत आलो. निघताना ते म्हणाले, "शीजन झाला का येतो." ते आले नाहीत. शीजन संपल्यावर मी पुन्हा गेलो असतो तर कदाचित आले असते. मी गेलो नाही. दुसऱ्या वर्षी त्या शेडला कुलूप दिसलं. ते लेकीकडे उरणला राहायला गेले, असं शेजारच्या वाण्यानं सांगितलं.

उरण काही काशी नव्हे. तेव्हाही बस जायची. पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून गेलो नाही, दुसऱ्या वर्षी आता काय म्हणून जायचं म्हणून, आणि पुढं वर्षांनाच सवय झाली. मधे माझा संसार झाला, तोही आटोपला. वाशीच्या रस्त्यांवर इतकी माणसं आली की दिव्यांचे खांब शोधावे लागतात. दादा आज असतील तर नव्वदीच्या पुढचे असतील. असतील असं धरून चालणं हा माझा भ्याडपणाच आहे. काळ सगळं पुसतो म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. त्यानं पुष्कळ पुसलं, माझं ते एक वाक्य तेवढं जिथल्या तिथं ठेवलं.

अजूनही रविवारी मी टेबल मांडतो. दोन्ही बाजू आता मीच खेळतो. माझी पाळी झाली की उठायचं, वळसा घालून पलीकडे जायचं, त्यांच्या जागी बसायचं आणि डोळा प्लायवुडच्या पातळीला आणून पाहायचं. तिथं बसलो की मी लबाडी करत नाही. टेकडी घेतो, राखतो, आणि बहुतेक वेळा मराठे हरतात. सुरुवातीला मला त्यांच्यासारखं खेळता येत नव्हतं, आता चांगलं येतं. डाव संपला की मी माझ्या बाजूला परत येतो आणि तेव्हा न बोललेले ते दोन शब्द मोठ्यानं म्हणतो. मग पुन्हा वळसा घालून पलीकडे जाऊन बसतो. त्यांची प्रत्येक चाल मला पाठ आहे, पण यावर ते काय म्हणाले असते हे मला अजून सुचलेलं नाही.